पहिल्या चौकटीतला फोटो

लग्नपत्रिका हातात पडली की आमच्या हिंगोलीकडे माणूस नवरा-नवरीची नावं सगळ्यात शेवटी वाचतो. आधी नजर जाते तळाला, 'आपले नम्र' लिहिलेलं असतं तिथे. मग निमंत्रक, मग काका-मामांच्या रांगा. आपलं नाव आहे का, असलं तर कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली, एवढं बघून झालं की मग तिथी आणि ठिकाण. मी वीस-एक वर्षं लोकांची नावं आधी कागदावर छापली, मग टीव्हीच्या पडद्यावर झळकवली आणि शेवटी इंटरनेटच्या पानांवर चढवली. या सगळ्यात माझं खरं कुतूहल एकच होतं. समोर पान आलं की माणूस आधी कुठे बघतो?

सुरुवात टायपिंगच्या क्लासपासून झाली. नव्वद सालच्या आसपास बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मी सहा मशीन मांडली. त्यामुळे पुढे कितीही धंदे बदलले तरी गावाने मला 'टायपिंगवाल्या बाई'च ठेवलं. क्लास मंदावला तेव्हा कॉम्प्युटर घेतला आणि पत्रिका, बिलबुकं, लेटरहेड जुळवायला लागले. मग आमचा जिल्हा परभणीपासून वेगळा झाला. त्या उन्हाळ्यात मला जेवायला फुरसत नव्हती. ज्याच्या त्याच्या पाटीवर आणि पावतीवर 'जि. परभणी' होतं आणि ज्याला त्याला ते एका आठवड्यात 'जि. हिंगोली' करून हवं होतं. एका किराणा दुकानदाराने तर नवीन लेटरहेडवर दुकानाच्या नावापेक्षा जिल्ह्याचं नाव मोठं छापून घेतलं. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, दुकान तर जुनंच हाय."

त्यानंतर केबलच्या जाहिराती आल्या. सिनेमा चालू असताना खालून अक्षरांची एक पट्टी सरकायची, ती मी तयार करून द्यायचे. कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाबेवाल्याने अशी पट्टी करून घेतली, पण त्याच्या ढाब्यावर केबल पोचलेली नव्हती. तो दर शुक्रवारी एसटीने हिंगोलीला यायचा आणि समोरच्या सलूनमध्ये बसून स्वतःची जाहिरात बघून जायचा. मीही एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसले, कारण मला बघणाऱ्यांना बघायचं होतं. सलूनमधल्या एकानेही पट्टी वाचली नाही. सगळे ढाबेवाल्याकडे बघत होते, कारण तो आपलं नाव आलं की उठून उभा राहायचा. जाहिरात झाली म्हणायची ती अशी.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे माझ्या हातून जी चूक झाली ती या सवयींतूनच झाली.

पत्रिकांचं काम शहरातल्या मोठ्या छापखान्यांकडे गेलं तेव्हा मी दुकानात प्लायच्या फळ्या ठोकून चार खोपटी केली आणि नेट कॅफे सुरू केला. दोन हजार सहा-सातच्या सुमारास तिथे येणारं प्रत्येक जण एकच साइट उघडायचं. ती आता बंद पडली आहे. आमच्याकडे तिला तिच्या रंगावरून 'जांभळं पान' म्हणायचे. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे प्रत्येकाचं एक पान असायचं. त्यावर नाव, फोटो, थोडी माहिती आणि बाजूला मित्रांचे नऊ फोटो, तीन-तीनच्या तीन ओळींत. मित्र नऊहून जास्त असले तर बाकीचे आतल्या पानावर. कुणीही कुणाच्याही पानावर निरोप लिहायचा आणि तो सगळ्या गावाला वाचता यायचा. त्या निरोपाला स्क्रॅप म्हणायचे.

मला वाटलं, ही तर फुकटची पाटी आहे. दुकानांची पानं करून द्यावीत. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सूरसाज ब्रास बँडचे किसन मास्तर.

मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. वय साठीला टेकलेलं, आवाज बारीक, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट. बँड त्यांनीच उभा केलेला. त्यांचा धाकटा भाऊ दिलीप त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे मास्तरांनी त्याला लेकरासारखं वाढवलं, वाजवायला शिकवलं. दिलीप की-बोर्ड वाजवायचा आणि दिवसा टेम्पो चालवायचा. दोघांचं घर एक, चूल एक.

साइटवर धंद्यासाठी वेगळं पान अशी धड सोय नव्हती. म्हणून मी बँडलाच माणूस केलं. नाव सूरसाज, आडनाव ब्रास बँड. फॉर्म भरताना साइटने विचारलं, स्त्री की पुरुष? मास्तरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पुरुष लिवा. बायामाणसं न्हाईत आपल्यात." पुढचा प्रश्न, विवाहित की अविवाहित?

"लोकायचीच लगीन लावून राहिलो तीस वर्षं," मास्तर म्हणाले. "जे बसंल ते लिवा."

मग मी माझी हुशारी केली. बँडच्या अकराही वाजवणाऱ्यांची स्वतंत्र पानं काढली, प्रत्येकाचा लाल कोटातला फोटो चढवला आणि सगळ्यांना बँडचे मित्र केलं. डोक्यात लग्नपत्रिकाच होती ना! पान उघडलं की समोर चेहऱ्यांची रांग. पहिले मास्तर, मग दिलीप, मग बाकीचे. त्या दिवशी तसंच दिसत होतं. मास्तर खुर्ची मागे सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि जाताना मला पेढे देऊन गेले.

दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे बँडवाल्यांचा हंगाम सुरू होतो. कार्यक्रम पक्का करायला लोक येतात त्याला सुपारी देणं म्हणतात, आणि सुपारी मालकाच्या हातात द्यायची ही रीत. पुसेगावची मंडळी आली. त्यांच्या पोराने कॅफेत बसून जांभळं पान बघितलेलं होतं. ते थेट दिलीपपुढे गेले, "मालक तुमीच ना?" म्हणाले, आणि सुपारी त्याच्या हातावर ठेवली. मास्तर शेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्याकडे आले. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं.

"बाई, माझा फोटो कुठं हाय?"

मी पान उघडलं. पहिल्या चौकटीत दिलीप. मग ढोलवाला, झांजवाला, ट्रम्पेटवाले. नऊ चेहऱ्यांत मास्तर नव्हते. ते आतल्या पानावर, दहाव्या नंबरवर होते.

"दिलीपनं करायला लावलं का तुमाला?"

"नाही मास्तर, शपथ. हे मी केलेलं नाही, त्यानेही नाही. साइट करते."

"साइटला काय माहीत आमच्यात मोठा कोन?"

घरी मास्तर दिलीपशी बोलेनासे झाले होते, हे ढोलवाल्याने मला सांगितलं. वाशिमचे काही लोक दिलीपला बँडची वेगळी पार्टी काढ म्हणून गळ घालत होते, हेही त्यानेच सांगितलं. सबंध गावाला वाटत होतं की भाऊ फुटणार, आणि त्यांना फोडायला निमित्त होतं मी केलेलं पान.

मला झोप लागेना, पण खरं सांगू? त्यात भीतीइतकीच उत्सुकताही होती. साइट कुणाला पुढे आणि कुणाला मागे टाकते, ते ठरवतं कोण? मी वही घेतली. अकराही जणांची पानं मीच काढलेली, त्यामुळे कोण कधी आलं ते पोरांना विचारून लिहून काढायला लागले, आणि दर तासाला चौकटींचा क्रम टिपायला लागले. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. नियम अगदी साधा होता. जो सगळ्यात शेवटी आपलं पान उघडून गेला, त्याचा फोटो सगळ्यात पुढे. बाकी वय, मान, नातं काही नाही. दिलीप रोज संध्याकाळी टेम्पो लावून कॅफेत यायचा, म्हणून तो पुढे. मास्तरांनी पहिल्या दिवसानंतर कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, म्हणून ते मागे.

मी मास्तरांना हे समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हंजे हजेरी लावायची?"

"हो, हजेरीच."

"मग सोपं हाय."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला मास्तर हजर. दाढी केलेली, कपडे कडक. पहिल्या खोपटीत बसायचे आणि एका बोटाने स्वतःचं नाव टाइप करायचे. मी टायपिंगची जुनी शिक्षिका, मला ते एक बोट बघवायचं नाही, पण त्यांनी दुसरं बोट शेवटपर्यंत वापरलं नाही. पासवर्ड मीच ठरवून दिला होता. तो ते प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत टाइप करायचे, त्यामुळे तो पासवर्ड बाजूच्या खोपटीलाही पाठ झाला असावा. मग बँडचं पान उघडून पहिल्या चौकटीत स्वतःचा फोटो बघायचे, माझ्याकडे वळून "बराबर" म्हणायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. घरी बोलणं पुन्हा सुरू झाल्याचं ढोलवाल्याने सांगितलं. मला त्या दहाच्या वेळेची सवय झाली.

आठवड्याभराने मात्र मला एक गोष्ट खटकली. मास्तर सकाळी येत होते. बाकीचे वाजवणारे कधीमधीच यायचे, पण रोज संध्याकाळी दिलीप आला की तो पुढे जायला हवा होता. पण रात्री दुकान बंद करतानाही मास्तरच पहिले असायचे. दिलीप संध्याकाळी कॅफेत यायचा, क्रिकेटचा स्कोअर बघायचा आणि जायचा. जांभळं पान उघडायचाच नाही. मी एकदा विचारलं.

"ताई, मी उघडलं की दादा मागं जाते," तो म्हणाला. "त्याला किती तकलीफ झाली ते मी घरी बघितलं ना. त्या दिवशी सुपारी मी घ्यायलाच नको व्हती. त्याला सांगू नका पण. त्याला वाटू द्या, आपनच नंबर काढला म्हनून."

मी कबूल केलं. त्यात दोन महिने गेले.

या दोन महिन्यांत एक गोष्ट मला दिसत होती आणि मी तिच्याकडे काणाडोळा केला. लोक अजून दिलीपच्याच पानावर विचारणा करत होते. पहिल्या काही आठवड्यांत तोच पुढे दिसलेला, तोच मालक असा समज झालेला. तो पान उघडत नव्हता, म्हणून कुणालाही उत्तर जात नव्हतं. मी त्याला एकदा म्हटलंही. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई, दादाच्या पानावर येतील." कुणी आलं नाही.

मग एका सकाळी मास्तर चहा न घेता बसून राहिले. त्यांना आता माऊस फिरवायची गंमत वाटू लागली होती. त्यांनी दिलीपच्या फोटोवर टिचकी मारली आणि त्याच्या पानावरचे स्क्रॅप बोट ठेवून वाचायला लागले. वाशिमहून एक, फाल्गुनातल्या तारखेला मोकळे आहात का. कळमनुरीहून एक. सिद्धेश्वरहून एकाच माणसाचे तीन, शेवटच्यात 'उत्तर तरी द्या'. मास्तरांनी सगळे वाचले. असे सात जण होते.

"हा मुद्दाम करून राहिला," ते म्हणाले. आवाज तेवढाच बारीक. "आपली कामं घालवून राहिला, वाशिमवाल्याकडं जायाचं म्हनून. काहून सांगितलं न्हाई त्यानं मला? सरळ सांगायचं ना! आजच वाटनी करतो. निम्मी वाद्यं त्याची."

ते उठलेच. दाराशी पोचले तोवर मी मोठ्याने म्हणाले, "मास्तर, बसा. त्याने तुमच्यासाठी केलं."

आणि सगळं सांगितलं. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, मग परत येऊन खुर्चीवर बसले.

"तुमाला माहीत व्हतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"मग मी हितं रोज येऊन राहिलो, बराबर बराबर म्हनून राहिलो, आन् तुमी बघून राहिल्या?"

मला लाज वाटली, ती अजूनही वाटते. दिलीपला शब्द दिला होता हे खरं, पण तेवढंच खरं नाही. मास्तर रोज दहाला येत होते, खूश होऊन जात होते आणि ते मला आवडत होतं. एका म्हाताऱ्या माणसाला खोट्या पहिल्या नंबरवर बसवून मी स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

मास्तर पडद्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "बाई, मला मागं जायाचं असंल तर काय करावं लागते?"

"काही करावं लागत नाही मास्तर. यायचं नाही, एवढंच."

"मग येत न्हाई," ते म्हणाले. "त्याला उत्तरं द्यायला सांगा. मी सांगितलं म्हनून सांगू नका."

ते गेले, आणि आता मी दोघांचीही गुपितं सांभाळत बसले. दिलीपला एवढंच म्हणाले की दादांना आता कंटाळा आलाय, तू पान उघड आणि लोकांना उत्तरं दे. दिलीपने उत्तरं दिली. सातातली चार कामं हातची गेली होती, तीन मिळाली. रोज सकाळी मी चौकटी बघायचे. मास्तर दुसरे झाले, मग पाचवे, मग आठवे. ज्या दिवशी ते पहिल्या पानावरून दिसेनासे झाले, त्या दिवशी दहा वाजता मी उगाच दारात जाऊन उभी राहिले.

त्याच संध्याकाळी दिलीप माझ्यासमोर आला. "ताई, दादाचा पासवर्ड द्या."

आमच्या धंद्यातला पहिला नियम म्हणजे एकाचा पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही. मी कारण विचारलं.

"आधी माझं पान उघडतो, लोकायला उत्तर देतो. ते बंद केलं की दादाचं उघडतो, लगेच बंद करतो. शेवटचा तो झाला. म्हंजे पुढं तोच."

वहीत तासातासाचे क्रम टिपणाऱ्या मला ही युक्ती सुचली नव्हती. मी पासवर्ड दिला. चूक होती, पण आजही कुणी तसं मागितलं तर देईन. दिलीपने तो क्रम पुढचे सात-आठ महिने मोडला नाही. आधी आपलं, मग दादाचं. मागे जायचं म्हणून दादा घरी बसलेला आणि भाऊ त्याला रोज पुढे नेऊन ठेवतोय. त्यातलं एकमेकांना काही माहीत नाही. घरात भांडण नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. मास्तर तालमीत दिलीपला उगाच मान देऊन बोलायला लागले आहेत, असं ढोलवाला म्हणायचा, आणि ते कुणालाच बघवत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर एक दिवस जांभळं पान अचानक नव्या रूपात उघडलं. रंग फिका, रचना वेगळी, चौकटींचा क्रमही वेगळा. कुणाला विचारून नाही की कुणाला सांगून नाही. पाटी रंगवणाऱ्याने भिंत मालकाला न विचारता रंगवावी, तसं झालं. मी पुन्हा वही काढली. चार दिवस टिपलं, पण नियम सापडेना. शेवटी येणारा आता पुढे जात नव्हता. पोरं तोवर त्या दुसऱ्या, निळ्या साइटकडे वळायला लागली होती, पण दिलीपला त्याचं काही नव्हतं. त्याने तीनदा मास्तरांचं पान उघडून बंद केलं. मास्तर सातव्या चौकटीत बसले होते ते हलले नाहीत.

"ताई, आता दादाला पुढं कसं ठेवायचं?"

मी या वेळी वही बंद केली आणि तोंड उघडलं. मास्तरांनी स्क्रॅप वाचल्यापासून 'मग येत न्हाई'पर्यंत सगळं, एक शब्द न गाळता. दिलीप ऐकत होता. मध्येच त्याने मान खाली घातली. चाळीस वर्षांचा बाप्यामाणूस माझ्या खोपटीत बसून रडला.

"म्हंजे दादा माझ्यासाठी यायचा बंद झाला? आन् मी त्याला इथं रोज..." तो पान तसंच उघडं टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोघं बरोबर आले. मास्तरांनी दाढी केलेली, शर्ट कडक. दिलीपने टेम्पो उभा ठेवला होता.

"बाई, नवीन पान आलं म्हनते हा. दाखवा," मास्तर म्हणाले.

पहिल्या खोपटीत खुर्ची एकच मावायची. दिलीपने ती दादापुढे सरकवली. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाच बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. मी बँडचं पान उघडून दिलं. दोघांपैकी एकानेही चौकटींकडे पाहिलं नाही, हे मी नीट बघितलं. माझी नजर तिथेच होती. दिलीपने स्क्रॅप उघडले. सिद्धेश्वरहून विचारणा होती, तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच तिथी, येता का?

मास्तरांनी त्याच्या खांद्यावरून वाकून ती पूर्ण वाचली.

"लिव," ते म्हणाले, "येतो म्हनून. दोघं बी येतो."